खारे वारे, मतलई वारे आणि आपल्या खिडक्या : शहरातल्या घरातली हवा कशी जपायची?

खाडीकाठ (शनिवार, सकाळी ८:१०)

दिवाळी उलटली की पार शिमग्यापर्यंत पनवेल, खारघर, कळंबोली भागात खिडकीच्या ग्रिलवर बोट फिरवलं की काळपट भुकटी लागते. ती निदान दिसते आणि पुसता येते. जे दिसत नाहीत ते अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, म्हणजे पीएम २.५, फुप्फुसाच्या पार तळाशी जाऊन बसतात. खरी काळजी त्यांची.

नेटवर मिळणारे बहुतेक सल्ले दिल्लीचे असतात. तिथली थंडी कोरडी, आपल्याकडे डिसेंबरातही कपाटातले कपडे दमट. तिथे वारा दिवसेंदिवस पडलेला, आपल्याकडे तो दिवसातून दोनदा दिशा बदलतो. म्हणून किनारपट्टीवरच्या जाणकारांना विचारतोय. असं घर धरा: दुसरा मजला, वन बीएचके, बेडरूम पूर्वेला रस्त्याच्या अंगाला, हॉलला पश्चिमेची गॅलरी, घरात एक तान्हं मूल आणि दम्याचा त्रास असलेली आजी. खिडक्या कधी उघडायच्या, कधी लावायच्या? प्युरिफायर घ्यायचा तर केवढा? ओले पडदे, कुंड्यांतली झाडं यांचा खरंच उपयोग होतो का?

मतलई (शनिवार, सकाळी ९:३५)

खिडक्यांचं आधी बोलू, कारण त्याला पैसे पडत नाहीत.

शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे आठवा. दुपारी जमीन तापते, समुद्राकडून खारा वारा आत येतो. रात्री जमीन लवकर निवते आणि जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. हिवाळ्यात हा मतलई अगदी मंद असतो. त्यातच जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावरची ऊबदार, त्यामुळे धूर वर जात नाही. पातेल्यावर झाकण ठेवावं तसा तो खालीच कोंडतो. रात्री उशिरापासून सकाळी नऊ-दहापर्यंत हीच स्थिती. ऊन चढलं की झाकण सुटतं आणि साधारण बारा-एकच्या सुमारास खारा वारा लागतो.

आपल्याकडे उठल्याउठल्या ‘जरा ताजी हवा येऊ दे’ म्हणून सगळ्या खिडक्या उघडतात. हिवाळ्यात तीच वेळ सर्वांत वाईट. रात्री दहा ते सकाळी दहा बंद, दुपारी एक ते पाच सताड उघड्या, हे साधं वेळापत्रक. फिरायला जायचं तर संध्याकाळी पाचच्या आसपास, पहाटे नको.

एक खबरदारी. ‘समीर’ या हवेची प्रत दाखवणाऱ्या सरकारी ॲपवर दिसणारा पीएम २.५ चा निर्देशांक मागच्या २४ तासांच्या सरासरीवर काढलेला असतो. दुपारी हवा सुधारली तरी तो आकडा चढाच दिसेल, आणि संध्याकाळी कुठे कचरा पेटला तरी लगेच हलणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर जवळच्या केंद्राची तासातासाची मोजणी मिळते. खिडकीचा निर्णय तिच्यावरून घ्या.

कर्नाळा (शनिवार, सकाळी १०:२०)

मतलई, वेळापत्रक चांगलं आहे, पण पनवेलला ते डोळे मिटून लावू नका. अलिबागला किंवा रत्नागिरीच्या मांडवीला येणारा खारा वारा थेट समुद्रावरून येतो. पनवेलला पोचणारा वारा मुंबई, ठाण्याची खाडी आणि नवी मुंबई ओलांडून येतो. तो पोचतोही उशिरा, आणि वाटेतलं सगळं घेऊन येतो.

शिवाय धुराचा उगम घराच्या कुठल्या अंगाला आहे हे बघायलाच हवं. पश्चिमेला भरावाचं काम किंवा काँक्रीटचा प्लांट असेल तर दुपारची उघडी खिडकी म्हणजे आमंत्रणच.

मतलई (शनिवार, सकाळी १०:४८)

मान्य, उगमाचा मुद्दा माझ्याकडून राहिला. मग असं करा. सलग चार दिवस सकाळी सात, दुपारी दोन, संध्याकाळी सात आणि रात्री अकरा या वेळांचे जवळच्या केंद्राचे आकडे कागदावर लिहा. शेजारी वाऱ्याची दिशाही लिहा. गॅलरीत उदबत्ती धरली किंवा वाळत टाकलेला टॉवेल कुठे उडतो ते पाहिलं की कळते. चार दिवसांत तुमच्या घराचं वेळापत्रक हातात येतं. पनवेलकडेही दुपारी हवा ढवळली जाते. त्यामुळे ती सकाळपेक्षा बहुधा बरी असते, पण समुद्रासारखी स्वच्छ नसते, हे तुमचं खरं.

आकडा वाचायचा कसा: आपल्या देशाच्या २००९ च्या मानकानुसार पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सुचवली. म्हणजे ॲपवर ‘समाधानकारक’चा हिरवा रंग दिसला तरी दमेकऱ्यासाठी तो निर्धास्त होण्यासारखा नाही.

सुरंगी (शनिवार, दुपारी १२:०५)

वाचनखूण साठवली. रत्नागिरी, चिपळूणकडे त्रास वेगळा आहे: महामार्गाच्या कामाची आणि चिरेखाणींची लाल धूळ. ती बहुतांश जाड असते, पीएम १० आणि त्याहून मोठी. ती घरात येऊन खाली बसते आणि झाडूने पुन्हा उडते. तिच्यासाठी कोरडा झाडू बंद करून आधी ओलं फडकं, मग झाडू. अंगण असेल तर सकाळी सडा, आणि जमलं तर सारवण. सारवलेल्या जमिनीवरून धूळ उडत नाही. लाल धुळीसाठी महागडं यंत्र घेण्याआधी एवढं करून बघा.

गणितमास्तर (शनिवार, दुपारी १:३०)

प्युरिफायर केवढा घ्यायचा याचं उत्तर खोक्यावरच्या ‘अमुक चौरस फूट’मध्ये नसतं. ‘सीएडीआर’ बघा, म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं.

खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणा आणि ३५ ने भागा. घनमीटर आले. ते पाचाने गुणा, कारण तासाला खोलीतली हवा पाच वेळा गाळून निघायला हवी. १० बाय १२ ची, साडेनऊ फूट उंचीची बेडरूम: ११४० भागिले ३५ म्हणजे साधारण ३२ घनमीटर, पाचपट १६०. पण छापलेला सीएडीआर पंख्याच्या सर्वांत मोठ्या वेगाचा असतो आणि त्या वेगाला कुणी झोपू शकत नाही. रात्रीच्या हळू वेगाला तो निम्म्याहूनही खाली येतो. म्हणून या खोलीला १६० चं नको, ३०० ते ३५० चं यंत्र घ्या आणि मधल्या वेगावर चालवा.

आता खिडकीचं गणित. बाहेर पीएम २.५ शंभर आहे असं धरा. बंद खोलीत फटींतून तासाला एकदा हवा बदलते आणि यंत्र पाचदा गाळते, तर आतला आकडा १०० गुणिले १ भागिले ६, म्हणजे सुमारे १७. तीच खिडकी उघडी ठेवून वाऱ्याने तासाला दहा वेळा हवा बदलली, तर १०० गुणिले १० भागिले १५, म्हणजे ६७. यंत्र तेच, वीज तेवढीच. उघड्या खिडकीत प्युरिफायर लावणं म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणं.

वीज विचाराल तर ४० वॉटचं यंत्र चोवीस तास चाललं तरी दिवसाला एक युनिटही पुरतं होत नाही.

कर्नाळा (शनिवार, दुपारी २:१५)

मास्तर, हिशेब झकास! माझं एक भाबडं म्हणणं: चालू करण्याआधी फिल्टरवरची प्लॅस्टिकची पिशवी काढली आहे ना, ते बघा. पुष्कळ घरांत आतला फिल्टर महिनोन्‌महिने पिशवीतच असतो आणि वर ‘फरक जाणवत नाही’ अशी तक्रार.

गणितमास्तर (शनिवार, दुपारी २:४०)

भाबडं मुळीच नाही, पहिली तपासणी तीच. दुसरी म्हणजे कणमापक (हवेतले कण मोजणारं छोटं उपकरण) घेऊन ते प्युरिफायरच्या हवा बाहेर पडणाऱ्या तोंडाशी धरा. आकडा शून्याच्या जवळपास यायला हवा. येत नसेल तर फिल्टर तिरका बसलाय किंवा त्याच्या कडेचं रबर नीट दबलेलं नाही, आणि हवा बगलेतून सटकतेय.

दमट (शनिवार, दुपारी ४:०५)

कणमापकाचा विषय निघालाच आहे तर किनाऱ्यावरची एक गोम सांगतो. घरगुती मापक लेझरच्या उजेडात कण मोजतात. मिठाचे कण हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी पिऊन फुगतात, थेंबच होतात. मापकाला तो फुगलेला थेंब मोठा कण वाटतो आणि आकडा चढतो. पहाटेच्या धुक्यात तर फारच. त्यामुळे आर्द्रता ८५-९० असताना मापकाने १४० दाखवलं तर घाबरून जाऊ नका, शेजारच्या सरकारी केंद्राशी ताडून पाहा. आर्द्रताही दाखवणारं मापक घ्या, आणि ते ओट्यापासून, बाथरूमच्या दारापासून लांब ठेवा.

हाच ओलावा फिल्टरलाही छळतो. पुढची जाळी खाऱ्या हवेने चिकट होते आणि तिच्यावर धुळीचा थर लिंपल्यासारखा बसतो. दर पंधरा दिवसांनी ती व्हॅक्यूमने किंवा कोरड्या ब्रशने साफ करा. जाळी धुता येते, पण पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका. आतला हेपा फिल्टर, म्हणजे बारीक कण पकडणारा मुख्य फिल्टर, मात्र कधीही धुवायचा नाही. त्याचे तंतू ओले झाले की गाळण्याचा गुणच जातो.

हिरवाई (शनिवार, संध्याकाळी ५:२०)

स्नेक प्लँट आणि मनीप्लँट हवा शुद्ध करतात असा ‘नासा’चा अभ्यास आहे ना? मग एवढ्या यंत्रांची गरज काय?

दमट (शनिवार, संध्याकाळी ५:५५)

हिरवाई, तो १९८९ चा अभ्यास लहानशा हवाबंद पेट्यांतला होता, आणि काही वायूंपुरता. धुळीच्या कणांचा नव्हे. २०१९ मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा एकत्र आढावा झाला. खिडकीदारं असलेल्या घरात नुसत्या वायुविजनाने जेवढी हवा साफ होते तेवढी झाडांनी करायला एका चौरस मीटरला किमान दहा, काही हिशेबांत हजार कुंड्या लागतील असं त्यात निघालं. झाडं जरूर लावा, डोळ्यांना आणि मनाला बरं वाटतं. पण दमेकऱ्याच्या उशाशी दहा कुंड्या म्हणजे ओली माती, आणि आपल्या हवेत ओली माती म्हणजे बुरशी.

ओल्या पडद्यांचंही तेच. जाड धूळ थोडी अडते, पीएम २.५ आरपार जातो, आणि खोलीची आर्द्रता वाढते ती वेगळीच.

स्लायडिंगवाला (शनिवार, रात्री ८:३०)

मास्तरांनी ‘फटींतून तासाला एकदा’ असं धरलंय. आपल्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांना ते साधायला थोडी मेहनत लागते. कुठून हवा येते ते सांगतो.

पहिली जागा म्हणजे दोन काचा एकमेकींवर चढतात तो मधला उभा खांब. तिथे केसाळ पट्टी असते, तिला आम्ही वूल पाइल म्हणतो. पाच-सात वर्षांत ती झिजून टक्कल पडते. पट्टीच्या पाठीची रुंदी आणि केसांची उंची मोजून तशीच आणा. मीटरवर मिळते, खाचेत सरकवली की झालं. दुसरी, चौकट आणि भिंत यांच्यातली फट. ती सिलिकॉनने भरा, पण व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन घेऊ नका. ते धातूला खातं आणि सिमेंटला नीट धरत नाही. ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं मागा. तिसरी, मुख्य दाराखालची फट. ब्रशची पट्टी स्क्रूने लावा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच, साधे दोन पावसाळ्यांत गंजतात. चौथी जागा सगळे विसरतात: स्प्लिट एसीचा पाइप जातो ते भोक. ते पुट्टीने बुजवा.

आणि हात जोडून सांगतो, खालच्या ट्रॅकला बाहेरच्या अंगाला जी बारीक आडवी भोकं असतात ती बुजवू नका. धूळ येते म्हणून लोक तिथे टेप मारतात. मग जूनमध्ये पश्चिमेचा पाऊस झोडपला की ट्रॅक भरतो आणि पाणी थेट गादीपर्यंत येतं. ती भोकं पाणी जायलाच ठेवलेली असतात.

सुरंगी (शनिवार, रात्री ९:१०)

कौलारू घराचं काय? नळ्यांच्या सांध्यासांध्यातून वारा येतो.

स्लायडिंगवाला (शनिवार, रात्री ९:२५)

अख्खं घर बंद होणं शक्य नाही, करूही नका, लाकूड कुजेल. एकच खोली धरा. माळा असलेली किंवा स्लॅबची असेल ती. माळ्याच्या फळ्यांच्या फटी बंद करा आणि यंत्र तिथेच ठेवा. आजारी माणूस, बाळ त्या खोलीत झोपेल.

ओवाधुरी (शनिवार, रात्री १०:००)

दारं-खिडक्या बंद करायचं ठरलं की एक गोष्ट जिवावरची आहे, ती आधी. बाथरूममध्ये किंवा पॅसेजमध्ये गॅस गिझर असेल तर तिथली झरोक्याची फट कधीच बुजवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तेच बाळ-बाळंतिणीच्या शेगडीचं. बंद खोलीत निखारे आणि वर ओवा-वावडिंगाची धुरी: माया खरी असते, पण तो धूर त्या इवल्या फुप्फुसांत जातो. ऊब द्यायची तर गरम कपडे आणि कोरडी खोली पुरे.

घरातला धूर खूपदा बाहेरच्यापेक्षा भारी पडतो. बोंबील तळताना किंवा मिरचीची फोडणी देताना मापक बघा, काही मिनिटांत आकडा शेकड्यात जातो. चिमणी घ्यायची तर नळीने धूर बाहेर टाकणारीच. नुसती फिल्टर करून हवा घरातच सोडणारी चिमणी तेलकटपणा कमी करते, धूर नाही. ती नसेल तर एक्झॉस्ट फॅन तळणाच्या पाच मिनिटं आधी लावा आणि गॅस बंद केल्यावर पंधरा मिनिटं चालू ठेवा. मागच्या शेगडीवर तळा, झाकण जवळ ठेवा.

मच्छर कॉइल तर घरात नकोच. २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारा पीएम २.५ हा ७५ ते १३७ सिगारेटींएवढा मोजला गेला. मच्छरदाणी लावा. उदबत्ती देवापुढे लावायचीच तर दुपारी, खिडक्या उघड्या असताना.

पातेरा (रविवार, सकाळी ७:५०)

थोडं अवांतर. फेब्रुवारी-मार्चपासून शहराच्या कडेच्या गावांत भाजवळ सुरू होते. कवळ (झाडांच्या छाटलेल्या फांद्या), शेण, पातेरा पसरून भाताच्या रोपांची जागा भाजतात, आणि वणवा लागू नये म्हणून वारा पडलेला असतो त्याच वेळी पेटवतात. नेमकी ती कोंडलेल्या हवेची वेळ. हे थांबलंच पाहिजे.

सुरंगी (रविवार, सकाळी ८:३०)

पातेरा, शेतकऱ्याला आधी पर्याय द्या: गादीवाफे, चटईवरची रोपं, पातेऱ्याचं खत. भाजवळ वर्षातून काही दिवस असते. सोसायटीचा माळी रोज सकाळी पालापाचोळा पेटवतो, त्यात प्लॅस्टिकही असतं. तिथे बोलणं सोपंही आहे आणि हक्काचंही. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये दंड ठरवला. फोटो, वेळ आणि जागा लिहून वॉर्ड ऑफिसला अर्ज द्या आणि पोच घ्या. पण त्याआधी माळीदादांना खताचा खड्डा करून द्या. बहुतेक ठिकाणी तेवढ्याने जाळणं थांबतं.

पातेरा (रविवार, सकाळी ८:५२)

पर्यायाचा मुद्दा पटला. खड्डा तीन फूट लांब, तीन फूट रुंद, अडीच फूट खोल पुरतो. पाचोळ्याच्या प्रत्येक वीतभर थरावर मूठ-दोन मूठ शेणकाला शिंपडायचा.

कर्नाळा (रविवार, सकाळी १०:१५)

औद्योगिक वसाहतीच्या बाजूने रात्री उग्र वास येतो, त्याला प्युरिफायर चालतो का?

दमट (रविवार, सकाळी १०:४०)

वास म्हणजे वायू. हेपा फिल्टर कण पकडतो, वायू नाही. त्याला ॲक्टिव्हेटेड कार्बन लागतो, आणि तोही किलोच्या हिशेबात. बहुतेक यंत्रांत कोळशाची भुकटी फासलेली पातळ जाळी असते. आपल्या दमट हवेत ती पाण्याची वाफच आधी शोषते आणि लवकर निकामी होते. त्या वेळी खिडक्या लावा, एक्झॉस्ट बंद ठेवा (नाहीतर तोच बाहेरची हवा फटींतून आत ओढतो), आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून तक्रार करा. वाऱ्याची दिशा लिहिली नसेल तर उगम शोधता येत नाही. डोळे चुरचुरायला लागले, खोकला थांबेना, तर घरात बसू नका. वाऱ्याला काटकोनात चालत बाहेर पडा आणि ११२ लावा.

टेबलफॅन (रविवार, दुपारी १२:३०)

सगळ्यांना तयार यंत्र परवडत नाही, म्हणून घरी करायचा डबा. २०२० मध्ये अमेरिकेत कॉर्सी आणि रोझेंथल यांच्या नावाने हा प्रकार रूढ झाला. इथे तसे चौकोनी पंखे सहज मिळत नाहीत, म्हणून बदल करायचा.

२० बाय २० इंचाचे, दोन इंच जाडीचे, ‘मर्व १३’ दर्जाचे (मर्व म्हणजे फिल्टर किती बारीक कण अडवतो त्याची श्रेणी) चार फिल्टर घ्या. एसीच्या डक्टचे फिल्टर बनवणारे मापाने करून देतात. चारी उभे करून चौकोन करा; चौकटीवरचे बाण आतल्या बाजूला हवेत. खाली तळ, वर झाकण. पुठ्ठा पावसाळ्यात मऊ पडतो, म्हणून फलकांना वापरतात ती पोकळ प्लॅस्टिकची सनपॅक शीट घ्या. झाकणाला गोल भोक पंख्याच्या पात्यांच्या घेराएवढंच, इंचभरही मोठं नको. मोठं झालं तर कोपऱ्यांतून हवा उलटी आत शिरते. १६ इंची पंखा त्यावर आडवा, हवा वर फेकेल असा घट्ट बांधा. जाळी काढू नका. सगळ्या सांध्यांना रुंद टेप. पहिल्या दिवशी तासाभराने मोटरला हात लावून बघा. चटका बसत असेल तर कुठेतरी हवा अडतेय. एकाच हेपा फिल्टरवर पंखा चिकटवण्याचे व्हिडिओ फिरतात, ते टाळा. त्यात हवा फारच थोडी निघते आणि मोटर तापते.

ओवाधुरी (रविवार, दुपारी १:०५)

आणि मास्क? रुमाल, ओढणी, गमछा पीएम २.५ अडवत नाहीत. एन९५ घ्या, डोक्यामागून दोन पट्टे जाणारा. कानात अडकवायचा गालांवर सैल राहतो. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबा, मग जोरात श्वास सोडा. चष्मा धुरकटला तर वरून गळतंय. तान्ह्या बाळाला मास्क लावायचाच नाही. त्याला वाईट वेळी बाहेर नेऊ नका एवढंच. आजीला मास्कने गुदमरल्यासारखं होत असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

खाडीकाठ (रविवार, संध्याकाळी ६:२०)

सगळ्यांचे मनापासून आभार. आता मूळ घराकडे. बेडरूम पूर्वेला, रस्त्याच्या अंगाला. यंत्र एकच. ते कुठे ठेवायचं? आणि खोली रात्रभर बंद ठेवली की कोंदट होते, त्याचं काय?

गणितमास्तर (रविवार, संध्याकाळी ७:००)

रात्रीची हवा पूर्वेकडून, आणि रस्ताही तिकडेच. म्हणून हिवाळ्यापुरतं बाळाचं आणि आजींचं अंथरूण पश्चिमेच्या हॉलमध्ये हलवा. यंत्रही तिथेच, भिंतीपासून वीतभर लांब, सोफ्यामागे कोंबून नको. हॉल १२ बाय १६ असेल तर ५२ घनमीटर, म्हणजे निदान २६० सीएडीआर लागेल, आणि रात्रीचा वेग धरून ४०० च्या पुढचं घ्या. एवढं बसत नसेल तर बेडरूमच ठेवा, पण तिच्या खिडकीची वूल पाइल आधी बदला.

कोंदटपणा खरा आहे. बाहेर कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतो. तीन माणसं बंद बेडरूममध्ये झोपली की पहाटेपर्यंत दोन हजाराच्या वर जाऊ शकतो, आणि प्युरिफायर तो काढत नाही. स्प्लिट एसीही नाही. तो आतलीच हवा फिरवतो. झोपायच्या खोलीचं आतलं दार उघडं ठेवा म्हणजे घराची सगळी हवा वाट्याला येते. तरी डोकं जड वाटलं तर रस्त्यापासून लांबची खिडकी दोन बोटं उघडा आणि यंत्राचा वेग एक घर वाढवा.

खाडीकाठ (रविवार, संध्याकाळी ७:२५)

हॉलचंच करतो. शेवटचं एक: जूननंतर यंत्राची गरज नसते, तेव्हा फिल्टर तसाच आत ठेवायचा का?

दमट (रविवार, संध्याकाळी ७:५०)

नको. पावसाने हवा धुऊन निघते हे खरं, पण बंद यंत्रातल्या धुळीला ओल लागली की महिनाभरात बुरशी येते, आणि दिवाळीत पहिल्यांदा चालू केलं की तीच खोलीभर. मेअखेरीस, पाऊस लागण्याआधीच्या एखाद्या कोरड्या दुपारी, यंत्र दोन तास मोठ्या वेगावर चालवून फिल्टर सुकवा. मग तो काढून जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या चार-पाच पुड्यांसकट, हवा काढून टेपने बंद करा. पिशवीवर किती महिने वापरला ते लिहा. ऑक्टोबरात उघडल्यावर ओलसर वास आला तर उन्हात टाकून वाचवायचा प्रयत्न करू नका, सरळ नवा आणा.